कुटुंबासह इतिहासदर्शन : चांद्याच्या परकोटाची एक दिवसाची सहल

(इयत्ता तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी पाठटिपण)

इतिहास पुस्तकातून जितका कळतो, त्याहून अधिक तो प्रत्यक्ष स्थळ पाहून कळतो, असे आपण शिक्षकबंधुभगिनी नेहमी म्हणत असतो. परंतु स्थळ पाहावे कसे, आणि घरच्या मंडळींसह पाहावयाचे असल्यास त्याची आखणी कशी करावी, याचा पाठ आपण क्वचितच देतो. प्रस्तुत टिपण त्या हेतूने लिहिले आहे.

निमित्त एका पालकांच्या प्रश्नाचे झाले. चामोर्शीकडील एका खेड्यातील हे गृहस्थ शाळेत आले व म्हणाले, "गुरुजी, पोरगा पुण्याची शिवसृष्टी पाहाचं म्हणते. पाच माणसांले किती पैसे लागतीन?" प्रवासाचा, राहण्याचा व जेवणाचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. जाऊन-येऊन चार दिवस मोडणार होते व धानाच्या पैशातील बराच भाग त्यात जाणार होता. ते थोडा वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, "मंग आपल्याकडं इतिहासाचं काहीच नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाजवळ तयार असले पाहिजे. ते नसेल, तर आपल्या भागातील मुलगा इतिहास म्हणजे दूरच्या लोकांची गोष्ट असे समजूनच मोठा होईल.

१. रचलेला इतिहास आणि जागचा इतिहास

पुण्याजवळ आंबेगाव येथील शिवसृष्टी ही शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतून आकारास येत असलेली ऐतिहासिक उद्यानवास्तू होय. तिच्या पहिल्या टप्प्याचे, म्हणजे सरकारवाड्याचे, लोकार्पण १९ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. कोल्हापूरजवळ कणेरी मठ येथे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. तेथे बलुतेदार, शेतकरी व त्यांची अवजारे यांचे पुतळे मांडून जुना गावगाडा दाखविला आहे. परदेशांतही अशी स्थळे आहेत. स्वीडनमध्ये आर्टुर हाझेलिउस या गृहस्थांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे 'स्कान्सेन' हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले. जुनी घरे नाहीशी होऊ लागली आहेत हे पाहून त्यांनी ती देशाच्या निरनिराळ्या भागांतून उचलून आणली व एके ठिकाणी पुन्हा उभी केली. फ्रान्समधील 'प्वी द्यू फू' येथे १९७८ पासून रात्रीच्या वेळी प्रचंड नाट्यप्रयोग होतात व त्यांत आसपासच्या गावचे लोक हौसेने भाग घेतात.

अशा सर्व स्थळांत एक सोय असते. काय पाहावयाचे, कोणत्या क्रमाने पाहावयाचे व त्याचा अर्थ काय, हे जाणत्या माणसांनी आधीच ठरविलेले असते. पाहणाऱ्याने दाखविलेल्या वाटेने चालावयाचे, एवढेच.

आपल्या दोन जिल्ह्यांत जो इतिहास आहे तो जागच्या जागी उभा आहे. तो कोणी आणून मांडलेला नाही, त्यामुळे त्याला वाटाड्याही नाही. चंद्रपुरात जटपुरा दरवाजाखालून दररोज हजारो माणसे जातात, परंतु मान वर करून पाहणारी थोडी. उद्यानात जे काम रचनाकार करतो, ते येथे कुटुंबाने स्वतः करावयाचे असते. आखणी म्हणतात ती हीच. ती शिकविणे हा या पाठाचा गाभा होय.

२. शिक्षकास आवश्यक असलेली माहिती

चंद्रपूर शहर पूर्वी चांदा या नावाने ओळखले जाई. १९६४ च्या सुमारास चंद्रपूर हे नाव रूढ झाले. त्या मोठ्या जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणून चांद्याचा इतिहास हा दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक वारसा आहे, हे मुलांस आरंभीच सांगावे.

चांदा ही गोंड राजांची राजधानी होती. त्याआधी वर्धा नदीकाठचे बल्लारपूर हे राजधानीचे ठिकाण होते. खांडक्या बल्लाळशहा या राजाने चांदा वसविले व परकोटाचे काम आरंभिले, आणि पुढे धुंड्या रामशहाच्या काळात ते पूर्णत्वास गेले, असे परंपरेने सांगतात. शहराभोवती फिरणाऱ्या या तटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर आहे. त्याला चार मोठे दरवाजे आहेत : उत्तरेकडे जटपुरा, पूर्वेकडे अंचलेश्वर, दक्षिणेकडे पठाणपुरा व पश्चिमेकडे बिनबा. याखेरीज तटात पाच लहान दारे आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. दरवाजांवर हत्तीवर झेपावणारा सिंह कोरलेला आहे. हे गोंड राजांचे राजचिन्ह होय.

अंचलेश्वर दरवाजाजवळ अंचलेश्वराचे मंदिर व त्याला लागून गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील राजा बीरशहाची भव्य समाधी त्याच्या राणीने, राणी हिराईने, बांधविली. महाकालीच्या मंदिराचा जीर्णोद्धारही तिनेच केला. चैत्री पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. पतीसाठी समाधी उभारणारी व राज्याचा कारभार पाहणारी ही राणी आपल्या मुलींस अवश्य परिचित असली पाहिजे.

१७५१ साली चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी वेढा घालून ते घेतले. गावातील जिल्हा कारागृहाशी आणखी एक स्मृती निगडित आहे. अहेरी भागात जन्मलेले बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध लढा दिला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यास फाशी देण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ भारतीय डाक विभागाने २००९ साली टपाल तिकीट काढले आहे.

परकोट हे संरक्षित स्मारक आहे. तरीही अनेक वर्षे त्यावर झाडेझुडपे माजली होती व कचरा साठला होता. २०१७ च्या मार्चपासून 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तट व बुरूज स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले व ते कित्येक महिने दररोज पहाटे चालविले. दगड जुने असले तरी त्यांचे रक्षण आजच्या माणसांनी करावयाचे असते, हे मुलांस पटविण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

३. एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी मुले व पालक यांची एक सहल चंद्रपुरास नेली होती. उत्साहाच्या भरात एका दिवसात नऊ स्थळे दाखविली. दुसऱ्या दिवशी वर्गात 'काल मी काय पाहिले' हे लिहावयास सांगितले, तेव्हा बहुतेकांच्या पाटीवर गाडी, गाडीतील गाणी व बसस्थानकावरील बर्फाचा गोळा एवढेच उतरले. नऊ स्थळांपैकी तीनांची नावेही कोणास धड सांगता आली नाहीत.

एका मुलीचे लिखाण मात्र वेगळे होते. पठाणपुरा दरवाजाजवळ तिला उन्हाने भोवळ आली, म्हणून आम्ही तिला व तिच्या आईला तेथेच सावलीत बसविले होते व पुढील तीन स्थळे पाहून परतलो होतो. त्या तासाभरात तिने दरवाजाच्या दगडांचे थर मोजले होते. कोठे दगड मोठे आहेत, कोठे लहान, ते पाहिले होते. नदीकडून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायांना तिने आत येताना पाहिले होते. शेवटी तिने लिहिले होते : "रात्री दरवाजा बंद करत, तेव्हा बाहेर राहिलेल्या माणसांचे काय होत असेल?"

नऊ स्थळे धावत पाहणाऱ्या आमच्यापैकी कोणासही हा प्रश्न सुचला नव्हता. परकोटातील खिडक्यांचा पाठ त्या प्रश्नापासूनच सुरू करावा, हे मला त्या दिवशी कळले. तट लोकांचे रक्षण करतो, तसा तो लोकांना आत व बाहेर असे विभागतोही. मसाण खिडकी हे नाव ऐकताच त्या दारातून कोणती यात्रा बाहेर पडत असेल, हे मूल आपण होऊन सांगते.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. स्थळे थोडी, बसणे फार.

४. आखणी : घरी करावयाची तयारी

ही तयारी मुलांनी घरच्या मंडळींसह बसून करावी. शिक्षकाने पुढील मुद्दे फळ्यावर लिहून द्यावेत.

(अ) ऋतू व दिवस. आपल्याकडचा उन्हाळा अतिशय कडक असतो. म्हणून ही सहल मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, या काळात करावी. धानाची मळणी आटोपली आहे की नाही, हे घरच्यांस विचारावे. ज्या दिवशी घरात कामाची घाई असेल, त्या दिवशी सहल ठरवू नये. समाध्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा आधी विचारून ठेवाव्यात.

(आ) प्रवास. गडचिरोलीहून चंद्रपूर मूलमार्गे सुमारे ८० किलोमीटर आहे. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही व मूल या बाजूच्या मंडळींना गोंदिया-बल्लारशाह लोहमार्गावरील चांदा फोर्ट स्थानकावर उतरता येते. या स्थानकाच्या नावातच किल्ला आहे, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. राज्य परिवहनाच्या गाडीत स्त्रियांस निम्म्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ मध्ये लागू झाली, आणि वृद्धांसाठीही सवलती आहेत. निघण्यापूर्वी आगारात चालू नियम विचारावेत व वृद्धांनी वयाचा दाखला जवळ ठेवावा.

(इ) खर्च. मुलाने वहीत चार रकाने आखावेत : प्रवास, जेवण, शहरातील फिरणे, राखीव. प्रत्येक रकान्यातील आकडा मोठ्यांस विचारून भरावा व बेरीज करावी. एकूण रकमेचा दहावा हिस्सा राखीव धरावा. परत आल्यावर प्रत्यक्ष खर्च शेजारी लिहून फरक काढावा. गणिताचा यापेक्षा चांगला स्वाध्याय सापडणे कठीण.

(ई) शिदोरी. भाकरी किंवा पोळी, कोरडी चटणी, फुटाणे व भरपूर पाणी सोबत घ्यावे. टोपी किंवा दुपट्टा विसरू नये. उष्टे-खरकटे व कागद परत आणण्यासाठी एक पिशवी वेगळी ठेवावी.

(उ) प्रत्येकाचा वाटा. सहल कुटुंबाची आहे, केवळ विद्यार्थ्याची नाही. आजीला महाकालीचे दर्शन हवे असेल, वडिलांना बाजारात काही काम असेल, लहान भावाला रामाळा तलावाचे पाणी पाहावयाचे असेल. प्रत्येकाची एक इच्छा लिहून घ्यावी व ती दिवसाच्या क्रमात बसवावी. ज्यांची इच्छा मोडली नाही, ती माणसे मुलाच्या प्रश्नांची उत्तरे देण्यास राजी असतात.

(ऊ) तीन प्रश्न. निघण्यापूर्वी मुलाने तीनच प्रश्न लिहावेत. उदाहरणार्थ : दरवाजावर कोणते प्राणी आहेत व ते काय करीत आहेत? तट नदीच्या किती जवळ आहे व तो तेथे का बांधला असावा? समाधी कोणी कोणासाठी बांधली?

५. दिवसाचा क्रम

सकाळी जटपुरा दरवाजापासून आरंभ करावा. येथे वाहनांची फार वर्दळ असते, म्हणून मुलांचा हात धरून, कडेला सुरक्षित जागी उभे राहून वरील शिल्प पाहावे व त्याचे चित्र वहीत काढावे. शिल्पाविषयी आधी काही सांगू नये. "तुला काय दिसते?" एवढेच विचारावे. कोणी सिंह म्हणेल, कोणी वाघ म्हणेल. दोघांनाही कारण विचारावे. नंतर राजचिन्हाची माहिती सांगावी.

तेथून रामाळा तलाव व बगड खिडकीचा भाग पाहून दुपारच्या आत अंचलेश्वराकडे यावे. मंदिराच्या बाह्य भिंतींवरील कोरीव काम पाहावे, मग समाध्यांच्या आवारात शांतपणे बसावे. तेथे मोठ्याने ओरडणे किंवा दगडांवर चढणे अनुचित आहे. ज्यांची ही समाधी आहे, त्यांस आपले पूर्वज मानणारी कुटुंबे आजही आपल्या शेजारी राहतात. त्यानंतर महाकालीचे दर्शन घ्यावे व सावली पाहून जेवावे.

उन्हे उतरू लागल्यावर पठाणपुरा दरवाजाकडे जावे. शहराच्या दक्षिणेस इरई व झरपट या नद्यांचा संगम आहे. येथे निदान अर्धा तास काही न करता बसावे. दगड मोजावेत, कोण आत येते, कोण बाहेर जाते ते पाहावे. हा अर्धा तास संपूर्ण दिवसाचा मुख्य भाग होय. तो घाईत कापू नये.

कारागृह हे आजही चालू असलेले कारागृह आहे. आत जाण्याची अपेक्षा ठेवू नये. त्या बाजूने जाताना बाबुराव शेडमाके यांची हकिकत घरातील वडीलधाऱ्या माणसाने सांगावी. सांगणारा घरचा असला म्हणजे ती मुलाच्या मनात अधिक काळ टिकते.

तटावर नाव कोरणे, चुन्याने लिहिणे किंवा दगड उचलून नेणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे. हे भीती घालून न सांगता कारण देऊन सांगावे : आज आपण एक दगड नेला, तर उद्याच्या मुलाच्या मोजणीत तो कमी पडेल.

६. आख्यायिका आणि पुरावा

परतल्यावर वर्गात ही कथा सांगावी. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गळवे उठली होती. शिकारीस गेला असता तहान लागून तो झरपटीच्या कोरड्या पात्राशी आला. तेथील एका खळग्यातील पाण्याने त्याने तोंड धुतले आणि त्याचा रोग बरा झाला. पुढे त्याच भागात, कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राणीच्या सल्ल्याने, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने राजाने परकोट आखला.

मग विचारावे : यातील काय आपण डोळ्यांनी पाहिले? मुले म्हणतील, तट पाहिला, नदी पाहिली, मंदिर पाहिले. ससा पाहिला नाही. फळ्यावर दोन रकाने करावेत, 'पाहिलेले' व 'ऐकलेले'. प्रत्येक विधान योग्य रकान्यात लिहावे. ऐकलेले खोटे असते असे मुळीच सांगू नये. लोक आपल्या गावाच्या जन्माची कथा पिढ्यानुपिढ्या का सांगतात, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. परंतु दोन्ही रकाने वेगळे ठेवण्याची सवय एकदा लागली, की पुढे कोणतेही उद्यान, चित्रपट किंवा नाट्यप्रयोग पाहताना तो मुलगा किंवा मुलगी 'यातील जुने कोणते व नव्याने रचलेले कोणते' असे आपण होऊन विचारील.

७. दूरच्या तालुक्यांसाठी

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथून चंद्रपूरची सहल एका दिवसात होणे शक्य नाही. तेथील कुटुंबांनी जवळचे स्थळ निवडून हीच पद्धत योजावी. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचे उद्यान आहे. त्याच तालुक्यातील कोटा या गावावरून तेथील प्राचीन खडकांच्या थरांना जगभरचे भूशास्त्रज्ञ 'कोटा' असेच म्हणतात. आरमोरी तालुक्यात वैरागडचा किल्ला आहे. तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात आला आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे शिल्पसमृद्ध मंदिरसमूह आहे व महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. वरोरा-भद्रावतीकडील मंडळींस विजासन लेणी, राजुरा-जिवतीकडील मंडळींस माणिकगड जवळ आहे. स्थळ कोणतेही असो, तीन प्रश्न, चार रकाने व अर्धा तास बसणे, एवढे सर्वत्र करता येते.

८. स्वाध्याय

१. आपल्या घरापासून निवडलेल्या स्थळापर्यंतच्या मार्गाचा नकाशा काढा व वाटेतील नद्या दाखवा.
२. सहलीचा अंदाजी व प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी लिहून फरक सांगा.
३. परकोटातील चार दरवाजे व पाच खिडक्या यांची नावे लिहा. प्रत्येक नावावरून काय तर्क करता येतो?
४. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस त्या स्थळाविषयी काय ठाऊक आहे ते विचारून, तिच्याच बोलीत लिहा. घरात गोंडी किंवा माडिया बोलत असल्यास ते शब्द तसेच देवनागरीत लिहा.
५. रात्री दरवाजा बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्या माणसाची हकिकत दहा ओळींत लिहा.

चामोर्शीकडील ज्या पालकांच्या प्रश्नाने या टिपणाचा आरंभ झाला, ते त्या वर्षी माघात आधी मार्कंड्यास व नंतर चंद्रपुरास कुटुंबासह जाऊन आले. पुण्याचा बेत त्यांनी मोडलेला नाही, आणि तो मोडावा असे आम्हीही सांगितले नाही. मुलाने मात्र आपल्या वहीत पुण्यासाठी तीन प्रश्न आताच लिहून ठेवले आहेत.

शिक्षकबंधुभगिनींस विनंती की, मुलांच्या अशा वह्या वर्षअखेरीस परत देऊन न टाकता त्यांच्या संमतीने एक प्रत शाळेत जपून ठेवावी. पुढील वर्षीच्या वर्गास त्यांतून आपल्या गावाजवळच्या स्थळाची माहिती आपल्याच गावच्या मुलाच्या अक्षरात वाचावयास मिळेल.